वाया गेलेला दगड

“ह्यो फेकू नका सायेब. पान्यानं फुटलेला न्हाई ह्यो. मानसानं घाव घातलाय.”

साहेबांनी टाकून दिलेला दगड गोजरबाईंनी परत उचलला होता आणि त्याच्या कडेवरून त्या अंगठा फिरवत होत्या. आता साहेब चिडणार, म्हणून मी मान खाली घातली. हे साहेब पुण्याचे. पूर्णा नदीच्या काठी हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची दगडी हत्यारं शोधत होते. दगडांवर नंबर घालायला बरं अक्षर हवं, म्हणून ऐन सुट्टीत मला मास्तराला धरलेलं. झाली का सुट्टी! गोजरबाई जन्मभर जाती घडवणाऱ्या, बोथट झालेल्या जात्यांना टाकी लावणाऱ्या. गावात पिठाची गिरणी आली तसं काम सुटलं, म्हणून माती उकरायला आल्या होत्या.

साहेबांनी भिंग लावलं. “खरंच की!”

“शेवटचा घाव जास्ती बसला. वाया गेला बिचाऱ्याचा.”

“वाया गेलेलाच मला हवा होता, बाई. चांगलं हत्यार माणूस सोबत नेतो. बिघडलेलं बसल्या जागी टाकतो. म्हणजे घडवणारा इथंच बसत होता.”

बाईंनी तो दगड स्वतःच्या हातानं साहेबांच्या पेटीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्या डोक्यावर ओझं घेऊन आल्या. चुंबळीवरून जात्याची खालची तळी उतरवली. तिला आरपार तडा होता.

“माझ्या पोराची, भुजंगची. पहिलंच जातं घडवायलता. शेवटच्या घावाला तडकलं. लय हसले मी त्याला. हसायचं नव्हतं. निजाम हटला, त्या पोलीस ॲक्शनच्या साली पटकीनं गेला. ह्याच्यावर बी नंबर घाला.”

साहेब हळूच म्हणाले, “बाई, हे जुनं नाही.”

“व्हईल की. माझ्यामागं लोक ह्याच्यावर धुनं धुतील. तुमच्या पेटीत ऱ्हायलं तर कुनीतरी म्हनंल, हितं एकजन बसत व्हता.”

मी उगीच दौत हलवत बसलो.

“मास्तर, पुढचा नंबर कोणता?” साहेबांनी विचारलं.

“दोनशे चौदा.”

“घाला.”

आयुष्यात एवढं जपून अक्षर काढलं नसेल मी. बाईंनी बोट पुढं केलं, पण शाई ओली दिसली तसं मागं घेतलं. वाळेपर्यंत त्या तळीजवळ उन्हात बसून राहिल्या. मग चुंबळीचं फडकं सोडून झटकलं, खांद्यावर टाकलं आणि टोपलं घेऊन कामाला लागल्या.