हैबतीची डावी धमनी

मुंबईहून पोलादपूरच्या दवाखान्यात आलेल्या डॉक्टर आगाशांना इथल्या माणसांची शिसारी येई. पोरांच्या धमन्यांतून रक्त किती जोरानं वाहतं हे मोजायला ते आले खरे, पण पोरांचे मळके सदरे कोण उतरवणार? मनगटाला यंत्र लावायचं आणि लगेच साबणानं हात धुवायचे, एवढंच त्यांचं संशोधन.

उमरठच्या हैबतीची डावी नाडी अगदी क्षीण लागली, तसे डॉक्टर हरखले. धमनी जन्मतःच अरुंद! त्यांनी रबरी नळ्या जोडून पोराच्या दोन्ही हातांचा नमुना केला, डावी नळी बारीक ठेवली आणि पंपानं लाल पाणी खेळवलं. आकडा तंतोतंत जुळला. महाडात बड्या डॉक्टरांपुढे व्याख्यान ठरलं.

आदल्या दिवशी शेवटचं मोजताना हैबतीनं हात ताणला, तसा दंडावरचा दोरा तुटून बाहीतून ताईत खाली पडला. यंत्राचा काटा उसळून उजव्या हाताइतका वर गेला.

"रांगत व्हता तवा बांधलेला," त्याची आई रंगूबाई म्हणाली. "आपण सोडायचा नसतो, आपसूक तुटावा लागतो."

"अडाणी कुठले! दंड वाढला तरी दोरा तोच?" डॉक्टर खेकसले. मग नमुन्याकडे नजर गेली आणि आवाज उतरला. "बाई, परत बांध. तसाच घट्ट."

"आता नाय बांधायचा, सायेब. तुटला म्हंजे पीडा गेली."

तेव्हा, इतके दिवस ज्या सदऱ्याला बोट लावलं नव्हतं त्याचीच बाही वर सारून डॉक्टर स्वतः तो तेलकट दोरा पोराच्या दंडावर आवळू लागले.