पंपघराचा ठिपका

दात सुटला.

जाळेबाईंनी सुईचं टोक अलगद मागं घेतलं, पण डोळा सूक्ष्मदर्शकावरून काढला नाही. काचेच्या वाटीत, स्पिरिटमध्ये, मिरीच्या दाण्याएवढी कोळीण पाय दुमडून उताणी पडली होती. तिच्या पोटाखालचा तो इवलासा, काळा, वाकडा दात बाई इतकी वर्षं तिच्याच अंगाचा समजत आल्या होत्या. आता तो वाटीच्या तळाशी वेगळा पडला होता, आणि जिथे तो होता तिथे एक साधं गोल भोक दिसत होतं.

तो दात नराचा होता. अस्ताव्यस्त जाळी विणणाऱ्या या कुळात काही नरांची तऱ्हाच अशी, की मीलनाच्या वेळी त्यांच्या तोंडाजवळच्या अवयवाचं टोक मोडतं आणि मादीच्या अंगात रुतून बसतं. बाईंना हे ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. दुसऱ्यांच्या अशा चुका त्यांनी हसत हसत पकडल्या होत्या. स्वतःच्या वेळेला मात्र डोळ्यांवर झापड आली. तेवढ्या एका दातावरून त्यांनी ही जात नवी म्हणून जगाला सांगितली होती, आणि तिला आपल्या नवऱ्याचं नाव दिलं होतं.

वेड्यासारखं त्यांनी तो दात सुईच्या टोकावर घेऊन पुन्हा भोकापाशी नेऊन पाहिला. तो बसला नाही. बसला असता तरी काय करणार होत्या, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

संग्रहालयातल्या कोळ्यांच्या खोलीत उभा जन्म काढलेल्या या बाईंना मूळ नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. सगळ्यांच्या त्या जाळेबाई. त्यांचे यजमान शहराच्या पाणीपुरवठ्यात पंप चालवायचे, ते पंपवाले. एक जन्मभर बाटल्यांत बुडालेली आणि दुसरा जन्मभर पाण्यात, असं हे जोडपं. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती तेव्हा पंपवाले एकदा पाळी संपवून घरी आले ते काडेपेटी हातात धरूनच. लोक बायकोसाठी फुलं आणतात, अत्तर आणतात. यांनी कोळी आणला. पंपघरात नव्या पंपामागे, पाइपाच्या वळणाशी हिचं जाळं होतं, आणि असलं जाळं आपण कधी पाहिलं नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी तोवर एकही जाळं लक्ष देऊन पाहिलं नसणार, हे बाईंना कळत होतं. पण माणूस एवढ्या हौसेनं घेऊन आलाय म्हटल्यावर त्यांनी कोळीण स्पिरिटात घातली, दुसऱ्या दिवशी काचेखाली धरली, आणि त्यांना तो दात दिसला.

तेव्हा बाई किती नाचल्या होत्या. साऱ्या कुळात तसा दात कुणाला नव्हता. पुढे पंपघर कितीदा पालथं घातलं, पण तशी दुसरी मादी सापडली नाही आणि नर तर मुळीच नाही. तरी एकाच मादीवरून नाव देणं नियमात बसत होतं. नाव छापून आलं, त्याला लॅटिन वळणाची शेवटची अक्षरं जोडलेली. ते वाचून पंपवाले म्हणाले होते, या वयात मला शेपूट फुटलं म्हणायचं. पण बाईंनी दाताचं जे मोठं चित्र काढलं होतं ते त्यांनी चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते घुबडाचं तोंड वाटायचं. मग पंपवाले छाती फुगवून सगळी हकिगत सांगत, आणि हा कोळ्याचा नेमका कुठला भाग, असं कुणी विचारलंच, तर "ते हिला विचारा" म्हणून चहा टाकायला आत पळत. ती कोळिणीची लाजेची जागा होती, हे सांगायची वेळ दर वेळी बाईंवर यायची.

दुसरा त्यांचा लाडका विषय म्हणजे नकाशा. बाई या कुळाची सगळी मांडणी नव्यानं करत होत्या: कुठल्या जाती खऱ्या, कुठल्या एकमेकींच्याच, आणि कुठली जात पृथ्वीवर कुठे कुठे सापडते. प्रत्येक जातीला नकाशावर ठिपके. काही जातींचे ठिपके तीनतीन खंडांत सांडलेले, आणि पंपवाल्यांच्या जातीचा मात्र अख्ख्या जगात एकच ठिपका, पंपघराचा. "माझा ठिपका घातलास ना?" एवढं ते विचारायचे. ज्या माणसाला खात्यात बढती मिळाली नाही, निरोपाच्या दिवशी ज्याच्या नावाचा उच्चारही साहेबांनी चुकवला, त्याची सगळी प्रतिष्ठा त्या एका ठिपक्यात येऊन बसली होती, आणि बाईंना ते पुरेपूर माहीत होतं.

गेल्या वर्षी पंपवाल्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं संथ झालं. जुनं सगळं शाबूत राहिलं, नवं काही टिकेना. त्यांची थोरली बहीण, अक्का, मदतीला येऊन राहिली त्यालाही आता महिने लोटले होते, तरी रोज सकाळी ते तिला विचारत, "तू कधी आलीस?" अक्का खमकी. ती म्हणायची, आत्ताच आले, चहा घेऊन निघते. एकदा टिकलं, दोनदा टिकलं तर नवंही हळूहळू बसेल, असं डॉक्टर म्हणाले होते. डॉक्टरांना काहीतरी म्हणावंच लागतं.

आणि आता ही भानगड. बंदराच्या शहरात बाईंचा एक जोडीदार अभ्यासक होता, वयानं मुलासारखा. त्यानं गोदामांतून गोळा केलेल्या कोळिणींच्या नळ्या पाठवल्या होत्या. मालाच्या खोक्यांतून जगभर फिरणारी, कुठल्याही गोदामात सापडणारी, फार पूर्वी कुणीतरी नाव देऊन ठेवलेली साधी जात. त्यातल्या एकीला पंपघरातल्या कोळिणीसारखाच दात होता, दुसरीला अर्धा, तिसरीला नव्हताच, आणि सोबतच्या नराचं टोक मोडलेलं होतं. ते पाहिलं तेव्हाच बाईंना काय ते कळलं होतं. तरी त्यांनी लाल चिठ्ठीची, जिच्यावरून नाव दिलं त्या मूळ कोळिणीची जुनी नळी उघडली, कारण न उघडता त्यांना झोप लागली नसती.

बाईंनी बंदरवाल्याला फोन लावला आणि जे झालं ते सांगून टाकलं. पंपवाल्यांच्या हातचा चहा त्यानंही घुबडाखाली बसून घेतलेला होता.

"मॅडम, राहू द्या ना," तो म्हणाला. "या खेपेला आहे तसं छापू. पुढे कुणीतरी बघेल."

"पुढचा तो कुणीतरी मलाच शिव्या घालील."

"घालू दे. तोवर साहेब..." एवढं बोलून तो अडखळला.

तोवर साहेब, म्हणजे पंपवाले, राहणार नाहीत, असं त्याला म्हणायचं होतं, आणि त्याचं चूक नव्हतं. बाईंना क्षणभर मोह झाला, खोटं कशाला सांगा. पण याच मांडणीत त्यांनी तीन जाती आधीच पुसल्या होत्या. त्यातली एक कुण्या म्हाताऱ्या प्राध्यापकानं आपल्या आईच्या नावानं केलेली. ती पुसताना बाईंची पापणी लवली नव्हती. उलट, जुनं नाव थोरलं, नवं नाव त्याच्या पोटात, नियम म्हणजे नियम, असं त्यांनी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. परक्याच्या आईला एक न्याय आणि आपल्या नवऱ्याला दुसरा, हे त्यांच्यानं होईना. त्यांनी बंदरवाल्याला मजकूर दुरुस्त करायला सांगितलं आणि फोन ठेवल्यावर टेबलावर डोकं टेकून रडल्या.

राहता राहिलं, सांगायचं की नाही ते. छापील कागद पंपवाले वाचणार नव्हते. पण पंपघराची एक रीत होती. दुरुस्तीसाठी एखाद्या गल्लीचं पाणी तोडायचं, तर आधी माणूस पाठवून दारोदार सांगायचं, मग चावी फिरवायची. घाईत सगळेच ती रीत मोडत. पंपवाल्यांनी कधी मोडली नाही. पाळी संपल्यावर सायकल काढून स्वतः सांगत फिरले आहेत ते. अशा माणसाच्या मागे त्याचं नाव बंद करायचं, हे बाईंना विश्वासघात वाटला.

त्या दिवशी दुपारीच त्या घरी आल्या. पंपवाले खिडकीशी खुर्चीत होते. बाईंनी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं, दाताचं, नराचं, गोदामांचं. सांगताना आवाज कापू नये म्हणून त्या वर्गात शिकवल्यासारखं बोलत होत्या. पंपवाल्यांनी मधे काही विचारलं नाही. ऐकून झाल्यावर ते चौकटीकडे पाहत राहिले.

"म्हणजे ती आपल्याकडची नव्हे," ते म्हणाले.

"नाही. खोक्यांतून आली असणार."

"नव्या पंपाची खोकी..." एकेक शब्द शोधत ते बोलत होते. "मीच फोडली होती गं. आत पेंढा होता." मग त्यांना हसू आलं, अर्ध्याच चेहऱ्यावर. "मीच आणली आणि मीच तुला दाखवली."

बाईंना त्यांच्या तोंडाकडे बघवेना. पंपवाल्यांनी डावा हात पुढं करून बायकोचा हात धरला.

"सांगितलंस ते बरं केलंस. न सांगता बंद करू नये."

त्या संध्याकाळी बाईंना कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. पंपवाले दोन घास जास्त जेवले. कसल्या माणसाशी आपण संसार केला, म्हणून बाईंचा ऊर भरून आला आणि ते त्यांनी अक्कांना बोलूनही दाखवलं. अक्का नुसतं "हं" म्हणाल्या.

सकाळी बाई त्यांचं तोंड पुसत होत्या. पंपवाल्यांनी अक्कांना कधी आलीस ते विचारलं, चहा घेतला, आणि बाईंकडे वळून म्हणाले, "नकाशा कुठवर आला? माझा ठिपका घातलास ना?"

बाईंच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. त्यांना वाटलं, झोपेची गुंगी असेल, आठवण दिली की आठवेल. काल आपण बोललो ना, असं म्हणत त्यांनी पुन्हा सांगायला घेतलं. पण आज समोर कालचा माणूस नव्हता. आज त्यांनी मधेच विचारलं, कुणी ठरवलं हे? बाई म्हणाल्या, मीच. त्यांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी वाहू लागलं आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दुपारी त्यांनी घास घेतला नाही. आपण का रडतोय हे तोवर ते विसरूनही गेले असावेत. दुःख मात्र मागे राहिलं होतं, आणि त्याला कसं समजवावं ते बाईंना कळेना. कालचं ते हसू, तो धरलेला हात, ते शब्द, सगळं आता फक्त बाईंपाशीच होतं. ज्यानं दिलं त्याच्यापाशी त्यातलं काहीच नव्हतं.

अक्कांनी बाईंना स्वयंपाकघरात बोलावलं.

"परत सांगणारेस?"

"न सांगता कसं ठेवू, अक्का?"

"पहिल्यांदा सांगितलंस, तो मोठ्या मनानं वागला. झालं ते. आता रोज सकाळी नव्यानं मारणार का त्याला?" अक्कांनी ओटा पुसायला घेतला. "तुझं मन मोकळं होतं, एवढंच."

बाईंना हे लागलं, कारण ते खरं होतं. जाती पुसायचा नियम होता, नाव थोरलं की धाकटं ते सांगणारा नियम होता. पण जो माणूस एकदा समजून घेतो आणि सकाळी पुन्हा विचारतो, त्याच्यासाठी कुणी काही लिहून ठेवलेलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात बंदरवाल्यानं दुरुस्त केलेला नकाशा छापायला जाण्याआधी बघायला पाठवला. गोदामांतल्या त्या जातीचे ठिपके किनाऱ्याकिनाऱ्यानं, बंदरामागून बंदर, पृथ्वीभर पसरले होते. त्या गर्दीत पंपघराचाही एक ठिपका होता. तो काढायचं काहीच कारण नव्हतं. कोळीण तिथं सापडली होती हे तर खरंच होतं. खाली बारीक अक्षरांत, दुसऱ्याच नावाच्या पोटात, पंपवाल्यांचं नाव शेपटासकट शेवटचं छापलेलं होतं. यापुढे कुणी ते वापरणार नव्हतं.

बाईंनी तो कागद घरी आणला. का आणला, हे त्यांना सांगता आलं नसतं. सकाळी पंपवाल्यांनी विचारलंच, आणि त्यांनी कागद त्यांच्या मांडीवर उलगडला.

"हा बघा तुमचा."

पंपवाल्यांना आता जवळचं नीट दिसत नसे. त्यांनी डाव्या हाताचं बोट उचललं आणि बाईंनी दाखवलेल्या जागी टेकवलं. पान्यांनी आणि चाव्यांनी घट्टे पडलेलं ते रुंद बोट पंपघरावर बसलं, आणि आजूबाजूचे कितीतरी ठिपके त्याखाली झाकून गेले.

"एकच आहे ना अजून?" त्यांनी विचारलं. "दुसरीकडे कुठं नाही सापडली?"

दारात अक्का केरसुणी घेऊन उभ्या होत्या. बाईंनी वाकून कागदाच्या दोन्ही कडा धरल्या, हलू नये म्हणून, आणि म्हणाल्या, "हात अवघडेल. खाली घ्या आता."

पण त्यांनी बोट काढलं नाही, आणि बाई तशाच वाकून कागद धरून राहिल्या.