वटवट्याच्या दारातले तीन पाय

मित्रांनो, त्या एका फोटोतून आजोबांच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी ऐका. वाचनालयाच्या प्रदर्शनात दारासमोरची भिंत. फोटोखाली ठळक अक्षरांत नाव. आणि मुख्य म्हणजे व्याह्यांचं तोंड बंद! व्याही, म्हणजे सूनबाईंचे वडील, रोज सकाळी दात घासायच्याही आधी पक्ष्याचा एक फोटो सगळ्या घराला पाठवत आणि खाली विचारत, 'जमलाय का?' आजोबा 'छान' एवढंच लिहून फोन पालथा ठेवत. सात महिने हे असंच चाललं होतं.

मी कोण? मी एक जुना ट्रायपॉड आहे. तीन पाय, एक मान आणि डोक्यावर कॅमेरा बसवायची चपटी पट्टी, एवढाच माझा संसार. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या पायांत तोंड दिसायचं. आजोबांनी मला आपल्या फोटो स्टुडिओत आणलं आणि फरशीवर खडूने तीन फुल्या काढून त्यांवर उभं केलं. एकतीस वर्षं मी त्या फुल्या सोडल्या नाहीत. समोरच्या स्टुलावर माणसं श्वास रोखून बसत आणि आहोत त्यापेक्षा बरे दिसू, या आशेने घरी जात. पोट आत घेणारे पाहिले, टक्कल झाकणारे पाहिले, नवऱ्याला "हसा की जरा" म्हणून स्वतः दगडासारख्या बसणाऱ्याही पाहिल्या. आजोबांचा नियम एकच, चेहऱ्यावर काही आडवं येता कामा नये. बट आली की कंगवा, धागा लोंबला की कात्री. "हा हलत नाही, म्हणून माझे फोटो हलत नाहीत," असं ते माझ्याकडे बोट दाखवून सांगत, तेव्हा माझी मान ताठ व्हायची.

मग सगळ्यांच्या खिशात फोन आले. स्टुडिओला कुलूप लागलं आणि मी जिन्याखाली गेलो. चार वर्षं माझ्या अंगावर ओल्या छत्र्या वाळत होत्या.

मला बाहेर ओढलं ते सूनबाईंनी. त्या एका दवाखान्यात नर्स. सुट्टी मिळाली की दुर्बीण गळ्यात घालून नदीवर.

"बाबा, चला तरी एकदा. घरात बसून माझ्या वडिलांवर किती जळाल?"

"जळतो कुठे? छान म्हणतो की."

"तेच ते!"

आणि मित्रांनो, नदी! जन्मभर फरशीवर उभं राहिलेल्याला चिखल काय असतो ते काय ठाऊक? पाय वीतभर आत गेले, अंगावर गार शहारा आला, आणि तेवढ्यात पाण्यावरून निळी रेघ ओढल्यासारखा खंड्या गेला. "अहो, थांबा जरा!" आजोबा ओरडले, गिऱ्हाइकाला सांगावं तसे. सूनबाई हसून हसून खालीच बसल्या. त्या दिवशी ऐंशी फोटो निघाले. पक्षी एकातही पुरता नव्हता, शेपट्या मात्र रग्गड. तरी आजोबा घरी आले ते शिट्टी वाजवत.

पाचव्या फेरीला सूनबाईंनी माझी मान हळूच वळवली. लव्हाळ्यात, गुडघ्याच्या उंचीवर, मुठीएवढं घरटं! वटवट्याचं. चिमणीहून लहान पाखरू, शेपटी सतत वरखाली. आत तीन उघड्या चोची. आई आणि बाप आळीपाळीने अळ्या आणत होते. माझे तिन्ही पाय आनंदाने थरथरले असते, पण ते माझ्या धंद्यात बसत नाही.

"लांबूनच हं, बाबा. दहा मिनिटं, मग निघायचं," असं सांगून सूनबाई पुढच्या वळणावर बगळे मोजायला गेल्या.

लव्हाळ्याची काही पाती घरट्यावर आडवी येत होती. एकतीस वर्षांची सवय लागलेला हात खिशात गेला. छोटी कात्री निघाली. कच्, कच्, कच्. मग आजोबांनी मला पुढे आणून रोवलं आणि कळ दाबली. काय फोटो आला म्हणून सांगू! आईच्या चोचीत हिरवी अळी, समोर तीन लाल घसे. व्याही आठवडाभर दात घासायचे विसरले असते.

सूनबाई परतल्या आणि थबकल्या. "गवत कुणी कापलं?"

"मीच. तोंडावर येत होतं."

"बाबा, ते तोंडावर येत नव्हतं. ते त्यांचं दार होतं." त्यांनी वर बोट केलं. फांदीवर कावळा बसला होता, मान तिरकी करून सरळ घरट्यात बघत.

आजोबांचा चेहरा उतरला. क्षणभरच. मग त्यांनी कॅमेरा काढून गळ्यात अडकवला, मला घरट्याच्या हातभर अलीकडे रोवलं, बुटांच्या नाड्या सोडल्या आणि कापलेली पाती माझ्या पायांना उभी बांधली. सूनबाईंचा रुमालही त्यात गेला. दोघं वाकून मागे पळाली, पार बांधाच्या पलीकडे.

कावळा उतरला. माझ्याभोवती एक फेरी. दुसरी फेरी. ठक्! माझ्या पायावर चोच. पण मी न हलण्यात मुरलेला गडी! त्याने पात्यांमधून डोळा लावला, काही दिसेना, चिडून ओरडला आणि उडाला. पिल्लांची आई मात्र समोरच्या झुडपात अळी धरून बसलेली, माझ्याकडे बघत; बापही तिच्यामागेच. दहा मिनिटं. वीस. पिल्लांचा आवाज बारीक होत गेला. पलीकडून सूनबाई पुटपुटल्या, "ये गं बाई, ये."

पाऊण तासाने ती आली, आणि थेट माझ्या डोक्यावर बसली! मित्रांनो, आजवर सगळे माझ्यासमोर बसले होते, माझ्यावर कुणी बसलं नव्हतं. इवलेसे पंजे, वजन जवळजवळ नाहीच. दोनदा शेपटी हलवली आणि सुळ्कन आत. चोचींचा कलकलाट झाला. बांधामागे सूनबाईंनी आजोबांचा दंड आवळला. कॅमेरा गळ्यातच लोंबत होता, तो उचलायचं दोघांनाही सुचलं नाही.

त्याच बांधामागे आजोबांनी तो सुंदर फोटो पुसला. सूनबाई म्हणाल्या, "असू द्या हो."

"नको. त्यात मला माझी कात्री दिसते."

पिल्लं उडेपर्यंत, अकरा दिवस, मी तिथेच उभा होतो. सूनबाई लांबून दुर्बिणीने मोजून गेल्या, तिन्ही उडाली. वाचनालयाच्या भिंतीवर दुसऱ्या कुणाचा तरी बगळा लागला.

म्हणून सांगतो मित्रांनो, पाखरं बघा, पोटभर बघा, फोटोही काढा, पण त्यांच्या घराचं एक पातंही हलवू नका. आजोबांची भिंत गेली, माझा एक पाय गंजून कायमचा अडकला. आम्ही दोघं निदान हौसेने नदीवर गेलो होतो. पाऊण तासाची उपासमार मात्र त्या तिघांनी भोगली, ज्यांनी फोटो मागितलाच नव्हता.