अप्पांना भीती वाटायची

ही गोष्ट २०१९ सालच्या चैत्रातली. उमरग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेलगत आमचं गाव. माझे यजमान शंभुलिंग फौजी वारले, त्या दिवशीची.

नातवंडं त्यांना अप्पा म्हणायची. लपाछपीत अप्पा कायम स्वतःवर राज्य घ्यायचे. नात शिवरंजनी एकदा म्हणाली, "अप्पा, आता तुमी लपा की." तर हसून म्हणाले, "एवढा मोठा माणूस कुठं मावंल गं?" खरं कारण मला ठाऊक होतं. दार लागलं की त्यांना घाम फुटायचा. न्हाणीचं दारसुद्धा उघडं असायचं. सून लांबूनच खाकरायची. झोपायचे अंगणात, पाऊस आला तर पडवीत.

एकाहत्तरच्या लढाईत तोफेच्या माऱ्यानं खंदक त्यांच्या अंगावर कोसळला होता. नाकातोंडात माती, आणि शेजारी गाडल्या गेलेल्या सोबत्याचं कण्हणं हळूहळू थांबलेलं. त्यांच्याच पलटणीतल्या येरमाळ्याच्या बलभीमनं फावड्यानं उकरून त्यांना बाहेर काढलं. गावाला त्यांनी हे कधी सांगितलं नाही. गावासाठी ते वाघ होते.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, हातात इष्टलिंग देतात आणि माती लोटतात. शेवटच्या आजारात माझं मनगट धरून ते म्हणाले, "उमा, मला पुरू नका. जाळा. मी आत जागा झालो तर?" त्यांचे डोळे बघून मीच दचकले. लगेच म्हणाले, "पण मी भ्यालो हे कुणाला सांगू नको." मी दोन्ही शब्द दिले.

सकाळी ते गेले. दुपारपर्यंत त्यांना भिंतीशी बसवून विभूती लावली, हार घातले. विधीसाठी मठाचे स्वामी येऊन बसले. वाऱ्यानं हार हलला तरी मला वाटायचं, श्वास घेतायत.

थोरले दीर कल्याणप्पा म्हणाले, "खड्डा झालाय. उचला."

मी ह्यांच्यापुढं उभी राहिले. "भावजी, ह्यांना जाळायचंय."

"याड लागलं का उमादेवी? लिंगवंताला जाळत्यात व्हय? स्वामी उठून जातील."

"त्यांनीच सांगितलंय."

"का म्हणून? कारण सांग."

कारण सांगायचं म्हणजे दुसरा शब्द मोडायचा. सारं गाव अंगणात. कल्याणप्पांपुढं मी जन्मात कधी आवाज चढवला नव्हता. मुलगा राजशेखर खाली बघत होता. चौघांनी पुढं होऊन ह्यांच्या काखेत हात घातले आणि मी ओरडले, "ते भीत होते! मातीला भीत होते!"

कुणीतरी हसलं. "फौजी आन् भितोय?"

कल्याणप्पांचा चेहरा काळाठिक्कर पडला. तेवढ्यात निरोप मिळताच येरमाळ्याहून आलेले बलभीम काठी टेकत पुढं आले. "व्हय, भीत हुता. म्या बी भितो. कल्याणप्पा, ह्याला मातीतनं म्याच काढलाय. परत घालायचा असंल तर आधी मला घाला."

कल्याणप्पांनी भावाकडं बघितलं. "मला कधी बोलला न्हाय," एवढंच म्हणाले आणि बाजूला झाले. स्वामी उठून गेले. राजशेखर लाकडं आणायला गेला.

चिता पेटली तरी माझी धडधड थांबेना. रीत मोडली, आता ह्यांना मुक्ती मिळेल का? आणि आगीतच जागे झाले तर?

स्वामी पुन्हा आमच्या दारी आले नाहीत. बलभीम त्याच वर्षी गेले. कल्याणप्पांनी आमच्याशी बोलणं टाकलं. पण अंथरुणाला खिळल्यावर राजशेखरला बोलावून भावाच्या लढाईबद्दल विचारत राहायचे. ते गेल्यावर त्यांना रीतीप्रमाणं पुरलं. राजशेखर शेती बघतो. शिवरंजनी सोलापूरला नर्स आहे. अप्पांची गोष्ट ती भीतीसकट सांगते. मला मात्र जमिनीतच बसवा, असं मी सांगून ठेवलंय. मातीची भीती मला नाही. जाळलेल्या माणसाजवळ पुरलेलं माणूस पोचतं की नाही, याची आहे.