केरूचे दगड

बाळ आत्ताच निजलाय. चुलीवर भात रटरटतोय, तो शिजेपर्यंतचा वेळ माझा. अशा वेळी मला केरू आठवतो.

केरू आमच्या वाडीतला गुराखी, माझ्याहून थोडा मोठा. मी पावस गावच्या शाळेत जायची ती डोंगरमाथ्यावरचा सडा ओलांडून, आणि त्याची गुरंही सड्यावरच चरायची. आई त्याला सांगायची, "केरू, हिला उतारापर्यंत पोचव रे." तो पोचवायचा, पण उताराच्या तोंडाशी थांबायचा. खालची पोरं त्याच्या फाटक्या बंडीला हसत.

"जा गो बाय, मी इथंच आहे," म्हणायचा आणि तिथल्या मोठ्या दगडावर बसायचा. शाळा सुटल्यावर मी उताराखालून वर बघितलं की तो दिसायचाच. काही दिवस मी न बघताच चढायची, तरी तो असायचा.

सडा म्हणजे नुसता कातळ. त्यावर पायवाट उमटत नाही. पावसाळ्यात धुकं उतरलं की आमची माणसं वारा डाव्या गालावर धरून पावसची वाट चालतात. वाडवडलांची रीत. पण मोठी सर यायच्या आधी वारा फिरतो, आणि गालावर भरवसा ठेवलेला माणूस जातो तो थेट जुन्या चिरेखाणीच्या खोल खड्ड्यात. केरूचा बाप असाच गेला.

 त्यानंतर केरूने दगड पांढरे करायला घेतले. शिंपले भाजून चुना करायचा, टिकावा म्हणून त्यात बेलफळाचा गर घालायचा, आणि नारळाच्या सोडणाच्या कुंचल्याने वाटेकडेचा एकेक दगड रंगवायचा. पाऊस तो धुऊन टाकी. उघडीप मिळाली की केरू पुन्हा डबा घेऊन निघे.

शेजारच्या गोदूकाकूला तर चेष्टेला तेवढंच पुरे. "काय रे केरू, दगडांची लग्नं लावतोस? मग हळद कधी?"

"लागली की बोलावतो, गोदूकाकू. तुम्ही यायचं हां!"

लग्न होऊन मी पूर्णगडला गेले. यंदा सातव्या महिन्यात बाळंतपणाला आले, आणि अंगणात पाय ठेवताच विचारलं, "केरू कुठाय?" आईने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि मला आधी ओट्यावर बसवलं. शिमग्यानंतर तापाने गेला होता तो. पोटुशी बाईला असलं कळवायचं नाही, म्हणून मला कुणी कळवलं नव्हतं. सगळ्यांचं रडून झालेलं. मी रडायला लागले तर आई म्हणाली, "पोराला त्रास होईल, सावित्री." तेही राहिलंच.

श्रावणात बाळाला ताप भरला. दूध ओढेना, श्वास लागलेला. डाक्टर पावसला, आणि एस.टी. बंद, रस्ता वाहून गेलेला. आईचे गुडघे चालू देत नाहीत. गोदूकाकू म्हणाली, "पोर पदराखाली घे. मी येते."

सड्यावर पोचलो आणि धुकं उतरलं. दहा पावलांपलीकडचं काही दिसेना. खाली दगडांकडे बघण्यात काय अर्थ होता? सगळा आषाढ कोसळला होता, आणि केरू नव्हता. मी वारा डाव्या गालावर धरला आणि झपाझप निघाले. बाळ कण्हत होता. एवढंच मनात, की डाक्टर भेटू दे.

मागून पदराला हिसका बसला.

"कुठं चाललीस गो? पुढं खाण आहे!"

"वारा डाव्या गालावरच आहे, काकू!"

"वारा फिरलाय. गाल कसला चाचपतेस? खाली बघ."

उजव्या हाताला एक दगड पांढराशुभ्र दिसत होता. त्याच्यापुढे आणखी एक.

मी वाकून त्याला हात लावला. "हे कुणी केलं?"

"चल आधी. हे इथले चिमाचे." चिमा केरूची बहीण. "पुढचे नझीरचे, तो पाटी घेऊन येतो ना मासळीची, त्याचे. आणि तो बघ, वाकडा, तो माझा."

"तुमचा?"

"मग? हळदीला बोलावलं होतं ना मेल्यानं," म्हणाली, आणि माझा पदर धरून पुढे झाली.

डाक्टर भेटले. त्यांनी औषध दिलं. घोटभर दूध पोटात गेलं तसा बाळ रडला, चांगला मोठ्याने. परतताना आभाळ उघडलं होतं. उताराखालून मी सवयीने वर बघितलं. तिथे नुसता दगड होता, शेवाळाने काळा पडलेला. वाटेवरचा तेवढा एकच काळा.

"हा कुणी घेतला नाही?"

"तो बसायचा ना तिथं," काकू म्हणाली. "हात धजत नाही कुणाचा."

काल उघडीप होती. बाळाला गोदूकाकूच्या मांडीवर दिलं, चिमाकडून चुना मागून घेतला आणि एकटीच सड्यावर गेले. शेवाळ खरवडलं. तेव्हा मात्र पोटभर रडले, तिथे अडवायला कुणी नव्हतं. मग दगडाच्या चारी बाजू पांढऱ्या केल्या. वरची बसायची जागा तेवढी तशीच ठेवली.