केकच्या बुडाला जाळीच्या खुणा

सोमवारी टेगन ट्रेलोअरच्या वर्गात चौदा मुलं होती आणि भिंतींवर बावीस तक्ते होते. लिहावं कसं, हे त्या तक्त्यांवर लिहिलेलं होतं: सुरुवातीबद्दल चार, मधल्या भागाबद्दल अकरा, शेवटाबद्दल सात. पाऊण तासात चौदा मुलांनी मिळून दोनशे एकतीस शब्द लिहिले. त्यांत ‘आणि मग’ एकोणतीस वेळा आलं. पिप नँकिव्हेलने तारीख लिहिली, तिच्याखाली रेघ मारली आणि ती रेघ सरळ आली की नाही ते ती तास संपेपर्यंत बघत बसली.

टेगनने रसायनशास्त्राची पदवी घेतली होती. योग्य घटक योग्य प्रमाणात घातले की निबंध आपोआप तळाशी जमा होतो, अशी समजूत उराशी बाळगूनच ती अ‍ॅडलेड सोडून या गव्हाच्या गावात आली होती. विशेषणांसाठी हिरव्या पट्ट्या, क्रियापदांसाठी पिवळ्या. मुलांनी पट्ट्यांची विमानं केली. ती उडाली मात्र छान.

“पोरी, तुझी नेमणूक डिसेंबरपर्यंतच आहे,” मुख्याध्यापिका ग्लेनिस चहा ढवळत म्हणाल्या. “पुढच्या शुक्रवारी मी वर्गात येऊन बसते. चौदाच्या चौदा मुलांनी अर्धं अर्धं पान लिहिलं, तर मी वर शिफारस पाठवीन. नाहीतर माझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे? भिंत रंगीत आहे, एवढंच.”

त्या शनिवारी गावची कृषी जत्रा होती. मेंढ्या, लोकर, भोपळे आणि केक. टेगननेही सुक्या मेव्याचा केक स्पर्धेत ठेवला. मनुका तिने ग्रॅमवर तोलल्या होत्या आणि भट्टीत तापमापी ठेवला होता. केक तारेच्या जाळीवर निवत ठेवला, कारण खालून वरून हवा खेळली की उष्णता लवकर निघून जाते. एवढं भौतिकशास्त्र तिलाही येत होतं.

परीक्षकांनी दहापैकी पाच गुण दिले. सोबत चिठ्ठी होती: ‘बुडाला जाळीच्या खुणा. जाळीवर कापड घाला.’

सोमवारी ती वर्गात आली तीच फणफणत. “केक खायचा असतो की उलटा करून बघायचा?”

चौदाही जणांनी तिच्याकडे बघितलं. देवळात कुणी चपला घालून शिरलं की बघतात तसं.

“मिस,” हॅमिशने दबक्या आवाजात विचारलं, “तुम्ही कापड नाही घातलं?”

“नाही.”

“अहो, माझ्या धाकट्या भावालासुद्धा माहीत आहे! तो चार वर्षांचा आहे!”

“गप रे, मिस शहरातल्या आहेत,” कुणीतरी टेगनची बाजू सावरली, आणि तेच तिला जास्त लागलं.

“पण मिस, चिठ्ठी चांगली आहे,” पिप म्हणाली. तिने आपण होऊन तोंड उघडलं, तेही वर्गात, हे टेगन पहिल्यांदाच बघत होती. “काय चुकलं ते आहे. कुठे ते आहे. पुढच्या वेळी काय करायचं तेही आहे. आमच्या वहीत तुम्ही तसं लिहीत नाही.”

“मी काय लिहिते?”

पिपने वही उघडून वाचलं. “‘छान प्रयत्न! अजून फुलव!’” मग मान वर केली. “काय फुलवू? तारीख?”

अख्खा वर्ग खो खो हसला. टेगनही हसली, जरा उशिरानेच. घरी जाऊन तिने बाकीच्या वह्या चाळल्या. सगळीकडे तेच ‘अजून फुलव’. तिच्याच प्रयोगशाळेत कुणी ‘द्रावण अजून चांगलं कर’ एवढंच लिहून ठेवलं असतं, तर तिने त्याला दाराबाहेर काढलं असतं.

शुक्रवारी ग्लेनिस मागच्या बाकावर येऊन बसल्या तेव्हा भिंती उघड्या होत्या. टेगनने प्रत्येक मुलाला जत्रेत असते तशी एक कोरी चिठ्ठी दिली. “आज आधी मी लिहिणार. तुम्ही परीक्षक. एकच चूक सांगायची: काय, कुठे आणि उपाय. शिवाय दहापैकी गुण. मग स्वतःचं लिहायचं.”

ती फळ्यावर लिहू लागली. विसाव्या शब्दालाच ती अडली. मागे ग्लेनिस, पुढे चौदा परीक्षक, आणि डोक्यात बावीसपैकी एकही तक्ता आठवेना. तिने लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी फळ्यावर एवढंच उरलं: ‘मी खूप मेहनतीने केक केला. तो भट्टीतून बाहेर काढला. आणि मग जत्रेत मला वाईट वाटलं.’

“आणि मग!” हॅमिश आनंदाने ओरडला.

चिठ्ठ्या आल्या. ‘मेहनत दिसत नाही. मनुका तोलताना दाखवा.’ ‘वाईट कसं वाटलं? पोटात की कानात?’ पिपची चिठ्ठी दोन्ही बाजूंनी भरली होती: ‘दुसऱ्या वाक्यात केक भट्टीतून निघतो आणि तिसऱ्यात तुम्ही जत्रेत. मधे तो जाळीवर होता. सगळं तिथेच घडलं आणि तेच तुम्ही गाळलंत. तिथे थांबा.’

टेगनने ती मोठ्याने वाचली. तिचे कान तापले, आणि ‘पोटात की कानात’ याचं उत्तर तिने लिहिण्याआधीच वर्गाला मिळालं.

“मिस, तुम्ही थांबा, आम्ही लिहितो,” पिप म्हणाली. “आमच्या कुत्रीने जत्रेत भलत्याच माणसाच्या मेंढ्या हाकल्या होत्या. मला नेमकं कुठे थांबायचं ते माहीत आहे.”

पुढचा अर्धा तास पेन्सिलींचाच आवाज होता. ग्लेनिसनी एक कोरी चिठ्ठी मागून घेतली आणि फळ्याकडे बघत त्याही काहीतरी लिहू लागल्या.

घंटा झाल्यावर टेगनने वह्या गोळा केल्या. तेरा मुलांचं अर्धं पान भरलं होतं. पिपचं दीड पान होतं, त्यात सहा ओळी खोडलेल्या. फळ्यावरच्या परिच्छेदाला, ग्लेनिसच्या चिठ्ठीसह, दहापैकी सरासरी साडेचार गुण पडले.