बागेतला सातवा पुतळा

मिस्तरीला बागेतल्या सहाही पुतळ्यांचा मनापासून राग होता. एक गायिका, एक वैमानिक, दोन डॉक्टर, एक न्यायाधीश आणि एक असा इसम, ज्याने आयुष्यात नेमकं काय केलं ते आता पुतळा समितीच्या अध्यक्षांनाही धड सांगता येत नसे. सगळे इथलेच म्हणे! विशीत गावाला पाठ दाखवून जे पळाले ते पुन्हा फिरकले नाहीत, आणि मेल्यावर गावाने त्यांना बखोट धरून आणलं आणि बागेत बसवलं. शेजारच्या गावात नऊ पुतळे होते. त्यामुळे आपल्याकडे सातवा झालाच पाहिजे, असं अध्यक्षांनी मनावर घेतलं होतं.

आणि हा सातवा कोण, तर मिस्तरीचा सख्खा थोरला भाऊ. ताऱ्यांचा शास्त्रज्ञ. सहा महिन्यांपूर्वी परमुलखात वारला.

"मेला तरी पिच्छा सोडत नाही," मिस्तरी म्हणाला आणि त्याने लेथ मशीन बंद केलं.

वर्कशॉपच्या दारात अध्यक्ष उभे होते. औषधांचं दुकान चालवून उरलेल्या वेळात ते पुतळा समिती चालवत. त्यांच्या मागे शिल्पकार बाई, खांद्याला भलीमोठी पिशवी. अडचण अशी होती की शास्त्रज्ञाचे जेवढे म्हणून फोटो होते ते सगळे समोरून काढलेले. कान कसे, मान कशी, डोक्याचा मागचा भाग कसा, काही पत्ता नाही. आणि हे दोघे भाऊ तर एका साच्यातून काढल्यासारखे. शाळेत थोरल्याच्या वाटणीची छडी मास्तर कितीदा धाकट्याला मारून मोकळे होत.

"चार दिवस नुसतं बसायचंय हो," अध्यक्ष म्हणाले. "तोंड तुमचं, नाव त्यांचं."

"जन्मभर तेच झालंय. नाही बसत, जा."

अध्यक्ष काही हलले नाहीत. तुमच्या घराण्याची कीर्ती दगडात कोरली जाणार आहे, ऐका तरी, असं म्हणत त्यांनी खिशातून कागद काढला आणि पुतळ्याखालचा मजकूर वाचून दाखवला. शास्त्रज्ञाने कुठल्याशा सत्काराच्या भाषणात सांगितलेलं वाक्य होतं ते. 'आईने माझ्या वह्या चुलीत घातल्या, तेव्हाच मी ठरवलं, जिथे कुणाचा हात पोचत नाही तिथलं शिकायचं.'

मिस्तरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिला पहिल्या रांगेत बसवून हे वाचणार तुम्ही? काही लाजबीज?"

"शब्द त्यांचे आहेत, आमचे नाहीत."

"खोटं आहे ते!"

ते खोटं आहे हे मिस्तरीला जेवढं ठाऊक होतं, तेवढं दुसऱ्या कुणालाही नव्हतं. एक आई सोडली तर.

शेवटी तो बसायला तयार झाला, पण एका अटीवर. ती ओळ काढायची. "समितीपुढे ठेवतो," अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही बसायला तर लागा."

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी वर्कशॉपच्या खिडकीपाशी मातीचा गोळा मांडला. मिस्तरी स्टुलावर. बाईंनी पिशवीतून कॅलिपर काढला आणि त्याच्या एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत माप घेतलं. तीस वर्षं या माणसाने त्याच हत्याराने लोखंड मोजलं होतं. आज ते आपल्या डोक्याला लागलेलं बघून त्याचं डोकंच फिरलं.

"तुमचा कॅलिपर ढिला आहे. दोन मापं दोन तऱ्हेची येतील."

"हलू नका."

"मी हलत नाही. तुमचा स्क्रू हलतोय." तेवढ्यावर न थांबता त्याने तो हिसकावून घेतला, स्क्रू आवळून परत दिला आणि पुन्हा तोंड पाडून बसला. बाईंनी आभार मानले नाहीत. त्याही काही कमी नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "खरंच जाळल्या होत्या का हो आईंनी वह्या?"

"तुम्ही माती थापा."

"मान ताठ झाली तुमची. अशीच ठेवा, छान दिसतेय."

मिस्तरीला स्टूल उचलून खिडकीबाहेर फेकावंसं वाटलं.

घरी त्याने आईला सगळं सांगितलं. म्हातारी खाटेवर बसून कापडाच्या घड्या घालत होती. ऐकून घेतलं, हातातली घडी पुरी केली आणि म्हणाली, "राहू दे ती ओळ. मला काय त्याचं."

"लोक तोंडावर थुंकतील तुझ्या."

"त्याने जन्मभर तोंड दाखवलं नाही. लोकांचं काय घेऊन बसलास?"

मिस्तरीला रात्रभर डोळा लागला नाही.

चौथ्या दिवशी अध्यक्ष आले ते तोंडभर हसत. समितीने एकमताने ओळ कायम ठेवली होती. भाषण छापलेलं आहे, मोठ्या माणसाचे शब्द आहेत, ते खोटे असल्याचा पुरावा काय? "आहे का पुरावा? असला तर दाखवा, आत्ता बदलतो."

"आहे," मिस्तरी म्हणाला. "वह्या मी जाळल्या."

बाईंचा हात मातीवर थांबला.

"बारा वर्षांचा होतो. घरात कंदील एक, तो त्याचा. टेबल एक, तेही त्याचं. आला-गेला त्याची पाठ थोपटायचा आणि मला पाणी आणायला पिटाळायचा. मला तो डोळ्यांसमोर नको होता. घातल्या वह्या चुलीत, एकेक करून. बापाने पट्टा काढला तेव्हा आई मध्ये पडली. म्हणाली, मी जाळल्या. झालं! त्याने तिच्याशी बोलणं टाकलं, सतराव्या वर्षी घर सोडलं, आणि मी हा असा गप्प बसलो. बास? मिळाला पुरावा?"

अध्यक्षांनी डोळे मिटून क्षणभर विचार केला. मिस्तरीला वाटलं, हा आता शिव्या घालणार. घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"वा!" अध्यक्ष म्हणाले. "अहो, ही तर जास्त चांगली गोष्ट आहे."

पंधरा दिवसांनी बागेत खुर्च्या मांडल्या. आई पहिल्या रांगेत, शेजारी मिस्तरी, इस्त्रीच्या सदऱ्यात अवघडलेला. अध्यक्षांनी दोरी ओढली, कापड खाली आलं आणि सगळ्या बागेने आधी पुतळ्याकडे पाहिलं, मग मिस्तरीकडे, मग पुन्हा पुतळ्याकडे. तोच जबडा, तेच बाहेर आलेले कान, तीच रागाने ताठलेली मान. बाईंनी काही म्हणजे काही सोडलं नव्हतं.

अध्यक्षांनी खणखणीत आवाजात खालचा मजकूर वाचला. "मत्सरापोटी धाकट्या भावाने वह्या चुलीत घातल्या, तरी ते डगमगले नाहीत."

मागच्या रांगांतून कुजबुज सुरू झाली. कुणीतरी बोट दाखवलं. मिस्तरीचे कान तापले, पण आतून कुठेतरी त्याला हलकंही वाटत होतं. आईचं नाव सुटलं होतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी का होईना, त्याने एक धड काम केलं होतं. आता ती हात धरेल, निदान बघेल तरी, या आशेने तो तिच्याकडे वळला.

म्हातारी पुतळ्याकडे बघत होती.

"हा तो नाही," ती म्हणाली. "हा तू आहेस."

"तोंड माझंच घेतलंय, आई. पण खाली वाचलंस ना? तुझं नाव काढायला लावलं मी."

"वाचलं." तिने मान वळवली. तिच्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. राग होता, जुना, नीट घडी घालून ठेवलेला. "मी जाळल्या म्हणाले ते बापाच्या हातात पट्टा होता म्हणून. त्या दिवसापुरतं. बाप दोन वर्षांत गेला. मला वाटलं, आता सांगेल हा भावाला. आज सांगेल, उद्या सांगेल."

"आई..."

"तो जिवंत होता रे तेव्हा. एक पत्र टाकलं असतंस तर माझा पोरगा घरी आला असता. आता हे दगडावर लिहून कुणाला सांगतोयस?"

टाळ्या सुरू झाल्या. अध्यक्ष मिस्तरीला फोटोसाठी पुतळ्याशेजारी बोलवत होते. आई काठी टेकत उठली, आणि त्याने पुढे केलेला हात न धरता फाटकाकडे चालू लागली.